खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीला फिल्टर कोणता?

"भावा, दोन फुटी टाकीला हा टॉप फिल्टर बास झाला." गोड्या पाण्यासाठी दुकानात मिळणारा हा सल्ला काही खोटा नाही. गप्पी, मॉली, गोल्डफिश त्यावर खुशाल जगतात. त्याच टाकीत खारं पाणी भरून क्लाउनफिशची जोडी सोडली की मात्र गणित बदलतं, आणि त्याला दोन ठोस कारणं आहेत. खाऱ्या टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ ठेवावा लागतो. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून सुटणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या तुलनेत इथे दहापटीहून जास्त असतो. दुसरं म्हणजे, त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी विरघळतो. म्हणजे विष जास्त आणि श्वास कमी. त्यात टाकी जितकी लहान, तितका बिघाड व्हायला वेळ कमी लागतो.

म्हणून फिल्टरचा खोका विकत घेणं ही या कामातली शेवटून दुसरी पायरी आहे. आधी ठरवायचं ते एवढंच: टाकीत रोज काय आणि किती जाणार, आणि ते बाहेर कोणत्या वाटेने पडणार. हे ठरलं की खोका आपोआप ठरतो. खाली मी कोल्हापुरातल्या घराचा विचार करून लिहिलं आहे: नळाचं पाणी, पावसाळ्यात जाणारी लाइट, एप्रिल-मेचा उकाडा आणि चार तासांच्या अंतरावरचा समुद्र धरून.

आधी खरे लिटर काढा

सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, भागिले हजार. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी म्हणजे साधारण ६० × ३० × ३८, म्हणजे काठोकाठ ६८ लिटर. वरचा काठ मोकळा राहतो, आत दगड आणि वाळू जागा खातात. हाती उरतं ५२ ते ५५ लिटर. मिठाचं माप, औषधाचं माप, पंपाचा आकार, सगळं या आकड्यावर ठरवायचं, दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यावर नाही. हिशेब सोपा राहावा म्हणून पुढे मी ६० लिटर धरून चालतो.

लगे हाथ वजनही बघा. खारं पाणी लिटरला १.०२५ किलो भरतं. काच, दगड, पाणी मिळून दोन फुटी टाकी शंभर किलोच्या घरात जाते. शोकेसवर ती ठेवू नका. उद्यमनगरात चौकोनी पाइपचा स्टँड वेल्डिंग करून मिळतो, पण त्यावर नुसता ऑइल पेंट न मारता पावडर कोटिंग करून घ्या, कारण मिठाचं पाणी कुठूनतरी झिरपतंच आणि लोखंड खातंच. फॅब्रिकेशनवाल्याकडून आणलेला स्टँड घरात घेण्याआधी नीट पुसा. लोखंडाचा कीस टाकीत जायला नको.

काय पाळणार आणि किती खायला घालणार

टाकीत बाहेरून येणारी घाण म्हणजे मुख्यतः आपण घातलेलं खाद्य. मासा ते खातो, त्यातलं थोडं अंगी लावतो, बाकी पाण्यात सोडतो. रंकाळा तलावाला हिरवा थर आणि जलपर्णी का धरते हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको: सांडपाणी आत येत राहिलं, बाहेर पडायची वाट पुरेशी नाही. तुमच्या टाकीतही नायट्रेट आणि फॉस्फेट साठले की शेवाळ तसंच धरणार. रंकाळ्याला निदान वारा आणि पाऊस तरी आहे.

६० लिटरमध्ये माझ्या मते ओसेलारिस क्लाउनफिशची एक जोडी, एखादा छोटा गोबी, एक क्लीनर कोळंबी आणि थोड्या गोगलगायी, एवढ्यावर थांबावं. क्लाउनफिशची घरात पैदास होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र विकसित केलेलं आहे. त्यामुळे विकत घेताना पैदास केलेला मासा आहे का हे विचारा. तो कोरडं खाद्य लवकर घेतो आणि समुद्रातून पकडलेल्यापेक्षा जास्त टिकतो. निळा टँग दुकानात बोटभर दिसतो, पण तो फूटभर होतो. त्याला पुरेल असा फिल्टर दोन फुटी टाकीत बसतच नाही. डॅमसेल टणक असतात खरे, पण नंतर आलेल्या प्रत्येकाला हाणतात.

खाद्य मिनिटभरात संपेल इतकंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. गोठवलेलं खाद्य असेल तर ते गाळणीत घेऊन आरओच्या पाण्याने धुवायचं. त्या लालसर पाण्यात माशाच्या कामाचं फारसं काही नसतं, शेवाळाच्या कामाचं मात्र भरपूर असतं.

पाणी कुठलं घेणार

फिल्टरवर पैसे घालणारे लोक इथे काटकसर करतात आणि मग वर्षभर शेवाळ खरवडत बसतात. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात क्षार आणि बऱ्याचदा नायट्रेट. दोन्ही नकोत. आरओचंच पाणी हवं, आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर ते शून्याच्या जवळ दिसलं पाहिजे.

घरच्या आरओबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हल्ली बऱ्याच घरगुती मशीनमध्ये 'कॉपर' नावाचं कार्ट्रिज असतं आणि ते पाण्यात तांबं सोडतं. आपल्याला ते चालत असेल, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना अगदी थोडं तांबंही मारक ठरतं. मिनरल किंवा अल्कलाइन कार्ट्रिज, टीडीएस वाढवणारा कंट्रोलर, हेही उपयोगाचे नाहीत. मेकॅनिकला सांगून मेंब्रेननंतर लगेच एक टी (फाटा देणारा जोड) काढून घ्या, म्हणजे टाकीसाठीचं पाणी या सगळ्याच्या आधीच मिळेल. त्यापुढे एक डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचं) छोटं कार्ट्रिज जोडलं की टीडीएस शून्यावर येतो.

रत्नागिरी किंवा मालवणहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणायची कल्पना प्रत्येकाच्या डोक्यात एकदा येते. किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी, पावसाळ्यात ते पाणी गोडं होतं. बंदराजवळ डिझेल असतं. बाकी काय काय असतं ते आपण तपासू शकत नाही. शिवाय दर आठवड्याला आठ-दहा लिटर कोण गगनबावड्याचा घाट चढवून आणणार? बाजारात सागरी टाक्यांसाठी तयार मीठ मिळतं तेच वापरा. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ घातलं की २५ अंशाला विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास येतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, खडेमीठही नाही. मीठ पाण्यात घालायचं (मिठावर पाणी ओतायचं नाही), छोटा पंप लावून रात्रभर फिरवायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाने, मोजायचं. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (किलोला ३५ ग्रॅम क्षार) द्रावणाने जुळवून घ्यावा. प्लॅस्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर बुडबुडा अडकला की बिनधास्त खोटं सांगतो.

खरा फिल्टर म्हणजे दगड

आता मुद्द्याची गोष्ट. अमोनिया खाणारे जीवाणू असतात. ते त्याचा नायट्राइट करतात. दुसरे जीवाणू नायट्राइटचा नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असतो. हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून त्यांना पृष्ठभाग हवा, त्यावरून वाहतं पाणी हवं आणि त्या पाण्यात प्राणवायू हवा. सच्छिद्र दगडाच्या आत, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथे आणखी एका प्रकारचे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून त्याला हवेत सोडून देतात. बाजारातल्या कोणत्याही छोट्या लटकत्या फिल्टरला हे शेवटचं काम नीट जमत नाही. चांगला दगड मात्र ते चोवीस तास फुकट करतो.

जगभर या कामाला समुद्रातला 'लाइव्ह रॉक' वापरतात, म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे. आपल्याकडे तो विषय बंद आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली खडक बांधणारे सगळे प्रवाळ आणि समुद्रपंखे पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडेही संरक्षित आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासून आहे. किनाऱ्यावर सापडला म्हणून उचललेला प्रवाळाचा तुकडाही घरी आणू नये. कुणी 'खास तुमच्यासाठी मागवलाय' म्हणून लाइव्ह रॉक पुढे केला तर तिथून सरळ बाहेर पडा.

मग काय वापरायचं? सिरॅमिकचे तयार सच्छिद्र दगड किंवा ठोकळे, नाहीतर सिमेंट आणि सच्छिद्र खडी यांपासून केलेले कृत्रिम रॉक. सिमेंटचे असतील तर टाकीत घालण्याआधी ते काही आठवडे साध्या पाण्यात बुडवून ठेवावे लागतात आणि पाणी सारखं बदलावं लागतं. पीएच ८.५ च्या खाली स्थिरावला की मगच टाकीत. ही घाई कुणी करू नये, कारण ताज्या सिमेंटने पीएच उडून मासे एका रात्रीत जातात.

कोकणातून येणाऱ्या जांभ्याचा मोह होतो. दिसायला भोकाभोकांचा, फुकट मिळणारा. पण तो लोह आणि अ‍ॅल्युमिनियमने भरलेला असतो, शिवाय पाण्यात त्याची माती झडत राहते. नको. आपला काळा कातळ पाण्यात काही सोडत नाही, पण तो घट्ट असतो. जीवाणूंना त्याच्या नुसत्या वरच्या कातडीवर जागा मिळते. रचनेला आधार म्हणून तळाशी एखादा ठेवायला हरकत नाही.

किती दगड? ६० लिटरला पाच-सहा किलो सच्छिद्र दगड, किंवा दोन-तीन किलो दगड आणि फिल्टरमध्ये एक-दोन सिरॅमिक ठोकळे. रचताना भिंत बांधू नका. दगड एकमेकांना कमीत कमी टेकवा, मागून आणि खालून पाणी फिरलं पाहिजे. मागच्या काचेला चिकटवून रचलेल्या दगडामागे घाण साचते आणि ती काढायला हात पोचत नाही. तळाला अ‍ॅरागोनाइट (चुनखडी जातीच्या) वाळूचा दोन-तीन सेंटिमीटर थर पुरतो. नदीची वाळू वापरू नये. काही जण तळ मोकळाच ठेवतात. साफ करायला तो सोपा, दिसायला मात्र रुक्ष.

पाणी फिरवा, वरचा पापुद्रा तोडा

दगड फिल्टर आहे हे मान्य केलं की त्याच्यापर्यंत पाणी नेणारा पंप हा फिल्टरचाच भाग झाला. नुसते मासे असतील तर तासाला टाकीच्या दहापट पाणी फिरलं तरी चालतं. मऊ प्रवाळ ठेवायचे तर वीसपट आणि त्याहून जास्त. म्हणजे ६० लिटरला ६०० ते १५०० लिटर प्रतितास. यासाठी छोटा वेव्हमेकर घ्या, पाणी पसरट सोडणारा. पिचकारी मारणारा पॉवरहेड वाळू उडवतो आणि माशांना भिंतीला दाबतो. घेताना आतली दांडी सिरॅमिकची आहे का बघा. स्टीलची दांडी खाऱ्या पाण्यात गंजते.

वेव्हमेकरचं तोंड किंचित वर करा, पृष्ठभाग हलता राहू द्या. पाण्यावर तेलकट पापुद्रा धरतो आणि तो प्राणवायू आत येऊ देत नाही. खूप लोक हे विसरतात आणि मग मासे वर येऊन तोंड का मारतात ते कळत नाही.

आता खोका

लटकता फिल्टर, म्हणजे काचेच्या मागे अडकवायचा हँग-ऑन: चाळीस ते सत्तर लिटरच्या टाकीला मी हाच सुचवतो. तासाला ३०० ते ५०० लिटरचा, वरचा पापुद्रा ओढणारा सरफेस स्किमर असलेला आणि आत मोकळा कप्पा असलेला. त्याच्याबरोबर येणारं कार्ट्रिज काढून टाका. पहिल्या कप्प्यात पांढरं फिल्टर वूल, मग सिरॅमिक रिंगा, आणि कार्बनच्या पिशवीला जागा. विकत घेण्याआधी एक चाचणी दुकानातच करून बघा: पाणी भरून चालू करा, प्लग काढा, दहा मिनिटांनी परत लावा. आपणहून पाणी ओढायला लागला तरच घ्या. काही मॉडेल हाताने पाणी ओतल्याशिवाय चालूच होत नाहीत. आपल्याकडे दिवसातून कधीही लाइट जाते, त्यामुळे असला फिल्टर ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या कामाचा नाही.

मागे कप्पे असलेली एकसंध टाकी मिळाली तर ती उत्तमच. हीटर, पंप, वूल सगळं नजरेआड जातं आणि पाणी वरूनच कप्प्यात जात असल्यामुळे पापुद्रा धरत नाही. बाष्पीभवनाने उतरणारी पातळी फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते. तिथे खूण करून ठेवा.

सम्प, म्हणजे खाली स्टँडमध्ये दुसरी टाकी, ही माझी शंभर लिटरच्या पुढची निवड. एकूण पाणी वाढतं, स्किमर मावतो, कीटोमॉर्फासारख्या शैवालाचा कप्पा करता येतो. ते शैवाल नायट्रेट खाऊन वाढतं आणि आपण ते मूठभर तोडून फेकून द्यायचं. त्यावरचा दिवा रात्री चालू ठेवला की रात्री घसरणारा पीएचही जरा सावरतो. पण सम्प बांधताना एकच हिशेब चुकला की बेडरूममध्ये पाणी. पंप बंद पडल्यावर वरच्या टाकीतलं काही पाणी खाली उतरतं. ६० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत पातळी नुसती दोन सेंटिमीटर उतरली तरी ३.६ लिटर, वर पाइपातलं वेगळं. सम्पमध्ये तेवढी मोकळी जागा ठेवायची, परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली छोटं भोक पाडायचं म्हणजे सायफन तुटतो. मग पाच-सहा वेळा मुद्दाम प्लग काढून बघायचं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नका. त्यात चुना बसतो आणि तो अर्धवट उघडा राहतो.

कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, मी खाऱ्या छोट्या टाकीला सगळ्यात शेवटी ठेवतो. गोड्या पाण्याच्या झाडांच्या टाकीत तो राजा आहे. इथे मात्र बंद डब्यात घाण साठते, डबा उघडायचा कंटाळा येतो आणि त्या घाणीचा नायट्रेट होत राहतो. दुसरं आणि जास्त गंभीर: लाइट गेली की बंद डब्यातल्या पाण्यातला प्राणवायू जीवाणू संपवतात आणि काही तासांत तेच मरायला लागतात. लाइट आल्यावर ते कुजकं पाणी थेट टाकीत.

स्पंज फिल्टर आणि एअर पंप मुख्य टाकीला पुरत नाही, वर फुटणाऱ्या बुडबुड्यांमुळे दिव्यावर आणि भिंतीवर मीठ साचतं. पण नवीन मासा वेगळा ठेवण्याच्या टाकीसाठी त्याच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं काही नाही. वाळूखाली बसवायचा अंडरग्रॅव्हल फिल्टर विसरा.

स्किमर घ्यावा का?

प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांचा फेस करतो, विष्ठेतले आणि खाद्यातले चिकट सेंद्रिय पदार्थ त्या बुडबुड्यांना चिकटून वर कपात जमा होतात. म्हणजे घाणीचा अमोनिया होण्याआधीच ती बाहेर. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून तिथे तो चालत नाही. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात.

यंत्र सुंदर आहे. पण ६० लिटरला ते लागतंच असं नाही. आठवड्याला नऊ लिटर पाणी बदललं, म्हणजे पंधरा टक्के, की तेवढी घाण सरळ बादलीतून जाते, आणि शिवाय कॅल्शियम, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) वगैरे मिठातून भरून येते. त्याला लागतं फक्त ३३० ग्रॅमच्या आसपास मीठ. लहान टाकीला बसणारे स्वस्त स्किमर गोंगाट करतात, पाण्यात बुडबुडे सोडतात आणि कपात पिवळं पाणी भरतात. शंभर लिटरच्या पुढे, किंवा मासे जास्त असतील तर, चांगला स्किमर घ्या. नवा स्किमर पहिले काही दिवस नीट काम करत नाही. लगेच परत करायला पळू नका. त्याचा एक न बोलला जाणारा फायदा म्हणजे तो पाण्यात भरपूर हवा मिसळतो.

कार्बन, फॉस्फेटचं माध्यम आणि झिओलाइट

अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन पाण्याचा पिवळेपणा आणि वास काढतो. दोन-तीन चमचे बारीक पिशवीत, आरओच्या पाण्याने काळं पाणी जाईपर्यंत धुऊन, आणि महिन्याला नवा. माशांना औषध देताना तो काढून ठेवायचा, नाहीतर औषध तोच खातो. लोहाचं फॉस्फेट-शोषक माध्यम फॉस्फेट खरंच जास्त निघालं तरच, तेही अर्ध्या मात्रेने सुरू करून. फॉस्फेट एकदम शून्यावर आणलं की प्रवाळ उपाशी मरतात.

झिओलाइट मात्र घेऊ नका. 'अमोनिया रिमूव्हर' म्हणून तो पांढऱ्या खड्यांच्या रूपात विकला जातो आणि गोड्या पाण्यात चालतोही. खाऱ्या पाण्यात तो अमोनिया धरू शकत नाही. उलट, वापरलेला झिओलाइट ताजा करायला लोक त्याला मिठाच्याच पाण्यात बुडवतात, यातच सगळं आलं. पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा हौस म्हणून ठीक.

माशाआधी जीवाणू

खोका बसला, दगड रचला, पाणी फिरतंय. आता चार ते सहा आठवडे मासा नाही. जीवाणूंना खायला अमोनिया हवा. चिमूटभर खाद्य कुजवूनही तो मिळतो, पण माप राहत नाही. अमोनियम क्लोराइडने राहतं. हाच आपला कल्हईवाल्याचा नवसागर. बाजारातल्या वडीत काय मिसळलंय ते कळत नाही, म्हणून प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध घ्या. ४ ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवा. या द्रावणातले १०० मिलिलिटर ६० लिटरच्या टाकीत घातले की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. चाचणी संचाने दर दोन-तीन दिवसांनी मोजत राहा. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतो, मग नायट्राइटही उतरतो. २ पीपीएम घातल्यापासून चोवीस तासांत दोन्ही शून्य आले की टाकी तयार. त्या वेळी नायट्रेट बराच वर असतो. निम्मं पाणी बदला आणि एक मासा सोडा. एकच. जोडीतला दुसरा लगेच चालेल, पण गोबी आणि कोळंबी पुढच्या महिन्यात.

बाटलीतले जीवाणू मिळतात, ताजे असतील तर वेळ कमी होतो. सागरी टाकीसाठीचेच घ्या. गोड्या पाण्याच्या जुन्या टाकीतला स्पंज पिळून इथे घालणं उपयोगाचं नाही.

लाइट गेली तर

कोल्हापुरात फिल्टर निवडताना हा भाग मी वॉटेजच्या आधी बघतो. पूर्ण यंत्रणा इन्व्हर्टरवर टाकायची गरज नाही. डीसीवर चालणारा छोटा वेव्हमेकर पाच-दहा वॅट घेतो. तो एकटा इन्व्हर्टरवर ठेवला की दगडावरून पाणी फिरत राहतं, पृष्ठभाग हलत राहतो आणि मासे व जीवाणू दोघंही तगतात. इन्व्हर्टर नसेल तर लाइट जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप घ्या. हीटरला आणि दिव्याला बॅकअप देऊ नका. सगळ्या वायरी प्लगकडे जाताना खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. त्या बोर्डाला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या. खारं पाणी आणि वीज यांच्यात चेष्टा नाही.

पुराचं वेगळं सांगतो. २०१९ आणि २०२१ मध्ये शहराच्या पाणी उपशाची केंद्रं पाण्याखाली गेली आणि नळ बंद पडले. नळ नाही म्हणजे आरओ नाही. पावसाळ्यात वीस लिटर आरओचं आणि वीस लिटर तयार खारं पाणी झाकण लावलेल्या कॅनमध्ये ठेवत जा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की कॅन भरलेत का ते बघा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नका.

आठवड्याचं काम

रोज आरओचं साधं पाणी घालून पातळी खुणेवर आणायची. मीठ उडून जात नाही, पाणीच उडतं. मे महिन्यात टाकीवर पंखा लावला तर दिवसाला दीड लिटर सहज जातं. तीन दिवस गावाला गेलात तर ६० लिटरमधले साडेचार लिटर गेले आणि ३५ पीपीटीचं पाणी जवळपास ३८ वर पोचलं. गावाला वारंवार जाणाऱ्याने आपोआप पाणी भरणारा फ्लोट सेन्सर फिल्टरच्या आधी घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. जुलैत हवा इतकी दमट असते की पाणी फारसं उतरत नाही. तेव्हा सवयीने ओतू नका.

फिल्टर वूल आठवड्यातून दोनदा बदला. अडकलेली घाण आत ठेवली तर फिल्टरने ती अडवून उपयोग काय? सिरॅमिक रिंगा दोन-तीन महिन्यांनी एकदा, टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच हलक्या हाताने धुवायच्या. नळाखाली धरल्या की क्लोरीनने जीवाणू जातात.

नायट्रेट माशांच्या टाकीत २० पीपीएमच्या आत, प्रवाळ असतील तर २ ते १० मध्ये ठेवा. तो सलग चढत राहिला तर आधी खाद्य कमी करा, मग पाणी बदलण्याचं प्रमाण वाढवा, मग दगडामागची साचलेली घाण नळीने ओढून काढा. इतकं करूनही उतरला नाही तर टाकीत मासे जास्त आहेत. अशा वेळी स्किमर कामाला येतो, पण एखादा मासा ओळखीच्याला देऊन टाकणं जास्त लवकर कामाला येतं. अमोनिया कधीही दिसला तर खाद्य बंद, तीस टक्के पाणी बदल, आणि मेलेली गोगलगाय दगडाखाली शोधायला लागा.

कॅनिस्टर आधीच घेऊन बसला असाल तर फेकू नका. त्यातल्या रिंगा आणि बायो बॉल काढा, फक्त वूल आणि कार्बन ठेवा, दर आठवड्याला डबा उघडून धुवा, आणि परतीची नळी पृष्ठभागावर पाणी सोडेल अशी वर लावा. तासाभरापेक्षा जास्त वेळ लाइट गेली असेल तर चालू करण्याआधी आतलं पाणी बादलीत ओतून टाका.